मेहुण्याचा कोंबडा

आमच्याकडे मुलगी मागायला येताना गाई आणा, साखरेची पोती आणा, सोफासेट आणा, कोणी नाही म्हणत नाही. पण नवऱ्यामुलाने मुलीच्या भावाच्या हातात जिवंत कोंबडा दिल्याशिवाय मुलगी दिली असं होत नाही. गाय विसरली तर मागाहून पाठवता येते. कोंबडा विसरलेल्या मंडळींना मी फाटकातून परत पाठवलेलं आहे, तेही भर उन्हात. मी आत्या आहे, आणि आत्याला तेवढा अधिकार असतो.

मुबिरू आणि नालुबेगा ही माझ्या थोरल्या भावाची मुलं. आई-बाप लवकर गेले आणि दोघं माझ्याच चुलीवर वाढली. नालुबेगा रांगत होती तेव्हापासून शेजारीपाजारी मुबिरूला चिडवायचे, "काय रे, बहीण देतोस का आम्हाला?" तो कमरेवर हात ठेवून सांगायचा, "आधी कोंबडा आणा. लाल पाहिजे. तुरेवाला." कोणी म्हणे पांढरा चालेल का, तर तो तिला पाठीवर बांधून तिथून चालायला लागायचा. त्याने तिला तसंच पाठीवर वाढवलं, पुढे सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं. पावसाळ्यात तांबड्या चिखलात सायकल रुतली की हा चिखलात आणि ती कोरडी.

शाळा सुटल्यावर तो गवंड्याच्या हाताखाली लागला. चांगला चालला होता. मग एका वर्षी त्याची झोप गेली. भिंतीपलीकडे कोणी तरी आपलं नाव घेतंय म्हणायचा, बांधलेली भिंत पाडून बघायचा. आणि एके दिवशी भर दुपारी अंगावर चिंधी नसताना मोठ्या रस्त्याच्या नाक्यावर धावत सुटला. नाक्यावर मोटरसायकलवाली पोरं बसली होती, ह्याच्याच वयाची, ह्याच्याबरोबर फुटबॉल खेळलेली. एकानेही अंगातला शर्ट काढून त्याच्यावर टाकला नाही. सगळ्यांनी खिशातून फोन काढले. शेवटी भाजी विकणाऱ्या एका म्हातारीने आपल्या अंगावरची चादर त्याच्याभोवती गुंडाळली, आणि त्या व्हिडिओत तीही दिसते, तिलाही हसणारी तोंडं आहेतच.

तो व्हिडिओ नालुबेगाच्या वसतिगृहात गेला. तिथल्या मुली हात वर करून खाटांच्या मधून पळून दाखवायच्या. कोणाचा भाऊ हे त्यांना ठाऊक नव्हतं. नालुबेगाही त्यांच्याबरोबर पळाली. हे तिने मला एकदाच सांगितलं, चुलीकडे बघत, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. पुढे शहरात नोकरी लागली, तेव्हा तिने सगळ्यांना सांगून टाकलं की मला सख्खा भाऊ नाही. ती वाईट मुलगी नाही, घाबरलेली आहे, आणि माझ्या अनुभवात घाबरलेल्या माणसाच्या हातून वाइटापेक्षा जास्त नुकसान होतं.

मुबिरूला आम्ही आधी मांत्रिकाकडे नेलं, मग पाद्रीबाबांकडे, आणि सगळे देव दमल्यावर मोठ्या दवाखान्यात. तिथल्या गोळ्यांनी तो माणसात आला. कितीतरी वर्षं झाली, त्याला पुन्हा झटका आलेला नाही. हात थरथरतात, बोलणं जरा सावकाश झालंय, जेवणानंतर रात्रीची गोळी घेतली की लगेच झोपतो. पण माझी केळीची बाग त्याच्यासारखी कोणी ठेवत नाही. आणि नाक्यावरची पोरं अजून त्याला पाहिलं की विचारतात, "काय चॅम्पियन, आज धावणार का?" त्यांच्या मते ही थट्टा आहे.

कातेंदे नावाच्या मुलाने नालुबेगाला मागणी घातली, मंडळी घरी यायचा दिवस ठरला, तेव्हा मी मुबिरूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फणसाच्या झाडाखाली खांब रोवायचा आवाज आला. थरथरत्या हातांनी त्याने कोंबड्यासाठी खुराडं बांधलं. खाली दगड, वर पत्रा, दाराला कडी. असला कोंबडा लगेच कापून खायचा असतो, त्याला घर कशाला, असं मी म्हटलं.

"रात्रभर तरी राहील ना," तो म्हणाला. "पाहुणाच आहे तो."

समारंभाच्या महिनाभर आधी एका रविवारी शहरातून तरुण मंडळी तयारीला आली. नालुबेगा, तिच्या ऑफिसातली बाबिर्ये नावाची मैत्रीण, जिला एकटीलाच भावाचं खरं ठाऊक होतं, आणि माझ्या धाकट्या भावाचा मुलगा सेमांडा. हा सेमांडा शहरात मोबाइल विकतो, तोंडात साखर आणि डोक्यावर टोपी उलटी. अंगणात चटई टाकून बसली सगळी. मुबिरू बागेत घड उतरवत होता.

नालुबेगा म्हणाली, "आत्या, कोंबडा सेमांडा घेईल."

मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "का? मुबिरूचे हात तुटले का?"

"अगं, सेमांडाही भाऊच आहे ना. आपल्या कुळात काकाचा मुलगा भाऊच."

"भाऊच आहे. पण सख्खा जिवंत असताना चुलत उभा राहत नाही. हे तुझ्या ऑफिसात शिकवत नसतील."

बाबिर्ये पोरगी गोड होती, मोठ्या अदबीने बोलली. "आत्या, राग मानू नका. पण तिथे शंभर माणसं, लाउडस्पीकर, ढोल. अशा लोकांना गर्दीत काहीही होऊ शकतं. उगाच त्यांनाही त्रास."

"अशा लोकांना म्हणजे कशा?"

सेमांडा हसत म्हणाला, "आत्या, समज दादाने कोंबडा घेतला आणि कोंबड्यालाच घेऊन नाक्यावर सुटला तर?" आणि त्याने बसल्या बसल्याच हात वर करून पळून दाखवलं. बाबिर्येने तोंडावर हात ठेवला. नालुबेगा हसली नाही. तिने नखांनी चटईची काडी मोडली.

"सेमांडा," मी म्हटलं, "तुला गोवर आला होता तेव्हा ह्याच मुबिरूने तुला पाठीवर दवाखान्यात नेलं होतं. तेव्हा त्यालाही म्हणता आलं असतं, अशा पोरांना लांबच ठेवा."

तो टोपीशी खेळायला लागला.

मग नालुबेगा माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. "आत्या, कातेंदेच्या आईला कळलं तर ती म्हणेल, ह्यांच्या रक्तातच आहे. उद्या माझ्या मुलांनाही होईल. पोरगी परत घ्या म्हणतील. मी त्यांना सांगितलंय मला भाऊ नाही. आता काय सांगू? उगवला?"

मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू. पण मी मुकाट्याने ऐकणारी बाई नाही. "खरं सांग," म्हटलं. "आणि नसेल सांगायचं तर नको सांगूस, तो माझ्या शेजारी बसेल, उठेल, कोंबडा घेईल, खाली बसेल. पण तो नसेल तर आत्याच्या मानाने गर्दीतून नवरामुलगा ओळखून बाहेर काढायला मी घरातून पाऊल टाकणार नाही. काढा मग तुमचे तुम्ही."

ती खाली बघत म्हणाली, "बरं आत्या. तू म्हणशील तसं."

मला वाटलं, जिंकले. पुढच्या खेपेला ती त्याच्यासाठी शहरातून नवाकोरा कांझू घेऊन आली, पांढराशुभ्र, पायघोळ, गळ्याला तांबडी वेलबुट्टी. मुबिरूने तो इस्त्री करून घेतला आणि खिळ्याला टांगला, आणि रोज संध्याकाळी हात धुऊन त्याच्यावरची धूळ झटकायचा. धूळ नव्हतीच. मला म्हणायचा, "आत्या, कोंबडा कसा धरायचा? पंख की पाय?" मी आमच्याच एका कोंबडीवर त्याला धडा दिला. एका हाताने पाय, दुसरा हात पंखांखाली, छातीशी. त्याचे हात थरथरायचे तशी कोंबडीही थरथरायची, पण त्याने सोडली नाही.

समारंभाच्या दिवशी पहाटेपासून घरात उभं राहायला जागा नव्हती. केळीच्या पानांत गुंडाळून मटोकेची कच्ची केळी वाफवायला ठेवलेली, शेजारणी एकमेकींच्या गोमेसी झग्यांच्या निऱ्या बोटांनी सारख्या करतायत, मांडववाले खुर्च्या मांडतायत. नालुबेगाला मी स्वतः भावासाठी चहा घेऊन जाताना पाहिलं. मला बरं वाटलं. इतक्या घाईत, नवरी असून, तिला त्याची आठवण झाली.

मंडळी फाटकाशी आल्याचा ढोल वाजला तेव्हा मी मुबिरूला बोलवायला गेले. कांझू खिळ्यालाच होता. हा अंथरुणावर आडवा, तोंड उघडं. मी हलवलं, हाक मारली, गालावर पाण्याचा हात फिरवला. त्याने डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले.

नालुबेगा दारात उभी होती, नटलेली, डोळ्यांत पाणी. "रात्रभर झोपला नाही तो, आत्या. काळजीने. थोडं पडू दे. कोंबड्याच्या वेळेआधी मी उठवते. देवाशपथ."

बाहेर त्यांच्या बाजूने बोलायला आणलेला बोलका लाउडस्पीकरवरून ओरडत होता, "ह्या घरात कोणी आहे का, की आम्ही चुकून शाळेत आलो?" आमचा बोलका उत्तर देत होता, "शाळाच आहे, आधी पाढे म्हणून दाखवा." लोक हसत होते. मी गेले. दारात आलेली मंडळी अशी किती वेळ उभी ठेवणार?

मी रांगांमधून फिरले, मुद्दाम दोन चुकीच्या मुलांपुढे थांबले, लोकांना हसवलं, आणि कातेंदेचा हात धरून त्याला पुढे आणलं. मुलगा चांगला आहे, हे मी आजही म्हणते. टोपल्या आल्या, गाय आली, माझ्यासाठी गोमेसी आली. माझं लक्ष सगळं घराच्या दाराकडे. मग त्यांच्या बोलक्याने सजवलेली टोपली उचलली. आत कोंबडा होता. लाल, तुरेवाला.

"आता बोला," तो ओरडला, "ह्या घरात भाऊ आहे, की कोंबडा आम्हीच परत नेऊन खाऊ?"

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सेमांडा उठला. अंगात कांझू, वर कोट. टोपी नव्हती. टाळ्या झाल्या, ढोल झाला, सगळ्या पोरांचे फोन वर गेले. त्याने कोंबडा पंखांनी धरला, चुकीचा, आणि कोंबडा त्याच्या तोंडावर फडफडला. लोक हसून हसून वाकले. कातेंदेने त्याला मिठी मारली, "मेहुणेबुवा" म्हणाला. नालुबेगा गुडघ्यांवर बसलेली, मान खाली. मी तिच्याकडे बघत होते. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

शंभर माणसांत तोंड उघडावं तर तिचं लग्न मोडतं, न उघडावं तर त्याचा कोंबडा जातो. मी मूग गिळून बसले. बाकीच्यांनी मटोके आणि मटण पोटभर खाल्लं.

ऊन कलल्यावर मंडळी गेली. सेमांडाही कोंबडा गाडीच्या डिकीत टाकून त्यांच्याबरोबर शहराकडे गेला. मांडववाले दोऱ्या सोडत होते, आमच्या घरची तरुण पोरं उरलेल्या बाटल्या रिकाम्या करत खुर्च्यांवर पसरली होती. तेवढ्यात घराच्या दारात मुबिरू आला.

कांझू घातला होता. बटण भलत्याच काजात. दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. तो सावकाश चालत मांडवाच्या मधोमध आला, जिथे भावाने उभं राहायचं असतं तिथे उभा राहिला, आणि दोन्ही हात पुढे करून एकावर एक धरले, मी शिकवले होते तसे. त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"आले का ते?" त्याने विचारलं.

मागे एक पोरगा खुदकन हसला, आणि दुसऱ्याने फोन वर केला. मी त्याच्या हातावर फटका मारला, पण तोवर त्याचं काम झालं होतं.

नालुबेगा धावत आली. "दादा, तुला झोप लागली रे. किती उठवलं आम्ही. उठलाच नाहीस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतले. "हो," तो म्हणाला. "मला झोप लागली." आणि तिचं डोकं थोपटून म्हणाला, "छान दिसतेस."

ती तिथेच रडायला लागली, आणि घरच्या बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय, रडणारच.

दुसऱ्या दिवशी ती शहरात परत गेल्यावर मुबिरू विहिरीजवळ कांझू धूत बसला होता. मी त्याच्या शेजारी टेकले. म्हटलं, "एरवी तू पहाटे उठतोस. काल काय झालं तुला?"

तो साबण लावत राहिला. "तिने चहाबरोबर गोळ्या दिल्या. रात्रीच्या. तीन."

"तुला कळलं नाही का रे, त्या रात्रीच्या आहेत म्हणून?"

"माझ्या गोळ्या मला ओळखू येतात, आत्या."

"मग घेतल्यास कशाला?"

त्याने कांझू पिळला. त्याचे हात थरथरत होते म्हणून पाणी त्याच्याच पायांवर पडत होतं. "तिने गुडघे टेकून दिल्या. शहरात गेल्यापासून ती माझ्यापुढे कधी अशी मान देऊन बसली नव्हती. आणि तिचे हात थरथरत होते, माझ्यासारखे. मला वाटलं, हिला माझी एवढी भीती वाटते, तर मी झोपलेलंच बरं." मग म्हणाला, "कोंबडा लाल होता का?"

मी म्हटलं, "पांढरा होता. मरतुकडा." आयुष्यात इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते. त्याने मान हलवली आणि कांझू दोरीवर घातला.

त्याच आठवड्यात सेमांडा आला. मोटरसायकलच्या मागे टोपली, टोपलीत तोच कोंबडा, लाल. मुबिरूने पाहिला. माझ्याकडे बघून नुसता हसला.

सेमांडाच्या चेहऱ्यावरची साखर गेली होती. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, मला तो कापवत नाही. कोणी तरी दादाचा व्हिडिओ टाकला. रिकाम्या मांडवात हात पुढे करून उभा असलेला. नालुबेगाच्या ऑफिसातले लोक हसणारे चेहरे टाकतायत. कातेंदेने नालुबेगाला विचारलं, हा कांझूवाला कोण? ती म्हणाली, मांडववाल्याचा माणूस आहे, जरा डोक्याने कमी. मी तिथेच उभा होतो, आत्या. मीही मान हलवली."

"मग इथे मला काय सांगतोस? त्याला सांग."

तो मुबिरूपुढे गेला आणि टोपली खाली ठेवली. "दादा, हा तुझा. घे."

मुबिरूने वाकून कोंबडा उचलला. एका हाताने पाय, दुसरा पंखांखाली, छातीशी. कोंबडा अगदी शांत राहिला. तो फणसाखाली गेला, खुराड्याची कडी काढली, कोंबड्याला आत ठेवलं.

"माझा नाही," तो सावकाश म्हणाला. "लोकांपुढे ज्याने हातात घेतला, त्याचा. नवऱ्याशी भांडली तर ती आता तुझ्या दारात येईल, सेमांडा. दार उघडायला उशीर करू नकोस. ती अंधाराला भिते." कडी लावून झाल्यावर म्हणाला, "मी सांभाळतो त्याला. कापायचा असेल तेव्हा ये."

सेमांडा बाहेर जाऊन मोटरसायकलवर बसला आणि निघाला. नाक्यावरची पोरं म्हणतात, जाता जाता तो तिथे थांबला आणि एकाशी हातघाईवर आला. कशावरून ते त्यांनी मला सांगितलं नाही.

नालुबेगाचं चर्चमधलं लग्नही झालं. आम्हाला बोलावणं होतं, मुबिरूला नव्हतं. ती अधूनमधून फोन करते, रडते, दादा कसा आहे विचारते. मी म्हणते, येऊन बघ. ती म्हणते, येईन. दिवस गेलेत तिला, आणि आता तिला एकच काळजी खाते, की होणारं लेकरू कोणासारखं निघेल. मी म्हटलं, दादासारखं निघालं तर नशीब समज. ती फोन ठेवून देते.

कोंबडा अजून खुराड्यात आहे. कोणी कापायला आलं नाही. माजलाय, माझ्या कोंबड्यांना जगू देत नाही. मुबिरू त्याला दाणे घालतो, त्याच्याशी बोलतो, बाग बघतो. तब्येत चांगली आहे, दवाखान्यातली नर्सही तसंच म्हणते.

एवढंच झालंय, की संध्याकाळी जेवणं झाली आणि मी पाण्याचा पेला आणि गोळी त्याच्यापुढे धरली, की तो लगेच घेत नाही. आधी फाटकाकडे बघतो. रागाने नाही, कुरकुर करत नाही. नुसतं विचारतो, "आत्या, आज कोणी पाहुणे येणार आहेत का?"

मी म्हणते, "नाही रे बाळा. कोणी नाही."

मग तो गोळी घेतो.